दसऱ्याला न्हाऊ घातलेलं चाक

नवरात्र बसलं की डिचोलीत दोन गोष्टी बरोबरीने परत येतात, बाजारात झेंडूचे ढीग आणि रस्त्यावर खनिजाचे ट्रक. मधे काही वर्षं खाणी बंद होत्या तेव्हा झेंडू एकटाच यायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. आता ट्रक पुन्हा सुरू झालेत. सकाळी तुळशीच्या पानावर बोट फिरवावं तर बोट तांबडं होतं. दोरीवरचा पांढरा टॉवेल संध्याकाळपर्यंत विटकरी झालेला असतो. या दिवसांना आमच्याकडे ‘सिझन’ म्हणतात. पंचांगात तो सापडणार नाही, पण ज्याच्या दारात ट्रक आहे त्याचं वर्ष या सिझनवर चालतं आणि ज्याच्या दारात नाही तो खोकत बसतो.

यंदा सिझन सुरू झाला त्याच आठवड्यात माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. हळू चालवताना काही नाही. वेग वाढला की लांब कुठेतरी जातं फिरतंय असा घुमता आवाज, आणि उजवीकडे वळताना तो जास्तच. मी गाडी बाजूला घेतली आणि तशीच बसून राहिले. बेरिंग गेलं हे कळायला मला कुणा मेकॅनिकची गरज नव्हती. पस्तीस वर्षं मी मुलांना पाढे शिकवले, पण ही विद्या शाळेतली नव्हे. ही मला गुणाजी मेस्त्रींनी शिकवली, आणि त्यांचे पांग आम्ही असे काही फेडले की आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं तर माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि पाळी गावच्या प्राथमिक शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. गोवा अजून राज्य व्हायचा होता. राजभाषा कोंकणी की मराठी यावरून गावागावांत रण पेटलं होतं. सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनात. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मराठीच्या बाजूने. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण त्या वर्षी दुकानात कापडापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. संध्याकाळी सभा, सकाळी सभेची तयारी. मराठी ही आपली आई आहे, तिला परकी म्हणणाऱ्याची जीभ झडो, असं अण्णा टेबलावर मूठ आपटून सांगत. घरात मात्र ते आईला “गे, च्या खंय?” असंच विचारत. त्यात मला तेव्हा काही विचित्र वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. घरचं बोलणं आणि पुस्तकातली भाषा आमच्याकडे एकाच दोरीवर वाळत घातलेली असते.

अण्णांची दुसरी भक्ती त्यांच्या मोटारीवर. पोर्तुगीज अमदानीत बोटीतून उतरलेली, गडद हिरव्या रंगाची जर्मन गाडी. तिचे दरवाजे लागताना जो जड, तृप्त आवाज यायचा तो माझ्या कानात अजून आहे. आत चामड्याचा आणि जुन्या पेट्रोलचा वास. रोज सकाळी अण्णा मला तिच्यातून पाळीला सोडत, आणि रोज आमच्या पुढे-मागे ट्रकांची रांग. ट्रकांनी रस्ता असा खणून ठेवलेला की जेवलेलं वर यावं. खिडकीच्या काचा बंद ठेवल्या तरी धूळ आत यायची. शाळेत पोचून मी रुमाल झटकायचे तेव्हा मुलं हसत. अशा रस्त्यावर त्या म्हाताऱ्या गाडीचं चाक किती दिवस टिकणार? गणपतींचं विसर्जन झालं आणि पुढचं डावं चाक घुमायला लागलं.

गुणाजी मेस्त्रींचं गॅरेज पाळीच्या वाटेवर, एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत फणसाखाली होतं. चार खांब, वर झावळ्या. ते बांद्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले, सिंधुदुर्गातले. खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला म्हणून आले आणि पुढे स्वतःचं काम काढलं. सडपातळ माणूस, बोलणं कमी, कान मात्र सशाचा. त्यांची मालवणी ऐकली की मला कोरगावची माझी आजी आठवायची. तेच हेल, तेच शब्द. पेडण्याची हद्द ओलांडली की माणसं वेगळी होतात असं ज्याला वाटतं त्याने एकदा कोरगावच्या काजूच्या बागेत उभं राहून दोन्हीकडचं बोलणं ऐकावं.

अण्णा मला तिथे सोडून सभेच्या कामाला गेले होते. शाळेला सुट्टी, मी खोक्यावर बसून वह्या तपासत होते. मेस्त्रींनी जॅक लावून चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं, तर चाक दात हलावा तसं हललं. मग ते मला म्हणाले, “बाय, हंय ये. ह्या स्प्रिंगेर हात ठेव.” मी हात ठेवला. त्यांनी चाक फिरवलं आणि माझ्या तळव्याला बारीक खरखर लागली.

“गावला? कान फसतत, हात फसणा नाय,” ते म्हणाले.

मग त्यांनी चाक काढलं, त्याच्या मध्यभागचा हब बाहेर आणला, रॉकेलमध्ये धुतला आणि आतून बोट फिरवून पाहिलं. बेरिंग तर गेलंच होतं, पण ज्यात ते घट्ट बसायचं तो हबही आतून झिजला होता. बेरिंगची बाहेरची रिंग जिथे जखडून राहायला हवी तिथे ती फिरत होती. “दुसरो कोण आसतो तर हबाक आतसून पंच मारून खड्डे पाडतो आणि रिंग ठोकून बसयतो,” ते म्हणाले. “चार म्हयने चलता. मगे सगळ्याचाच वाटोळा. माका तसा करूक येणा नाय.” येत नाही म्हणजे हात धजत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्यांनी आठ दिवस घेतले. हब म्हापशाला लेथवर नेऊन झिजलेल्या जागी बुश, म्हणजे धातूची नवी कडी, बसवून आणली. त्या गाडीचं बेरिंग गोव्यात मिळेना, तेव्हा जुन्याचं माप घेऊन एसटीने बेळगावला गेले आणि तिथल्या बाजारात फिरून त्याच मापाचं नवं शोधून आणलं. त्याला डबी नव्हती, तेलकट कागदात गुंडाळलेलं होतं. बसवायच्या दिवशीही मी तिथे होते. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन ते बेरिंग त्यात दाबून दाबून भरत होते, एकेका रोलरच्या फटीतून ग्रीस वर येईपर्यंत. नट आवळला, मग किंचित सोडला, चाक फिरवून कान लावला, परत आवळला. एवढी माया मी पुढे फार थोड्या माणसांना कामावर करताना पाहिली.

अण्णा आले तेव्हा मेस्त्रींनी जुनं बेरिंग पुसून त्यांच्या हातात दिलं, तशी त्यांची रीतच होती. आणि म्हणाले, “अण्णानु, म्हयनोभर तरी चाक पाण्यात घालू नकात. नवा बेरिंग, चाक तापतला. तापलेला चाक थंड पाण्यात गेला का हब पाणी आत ओडून घेता.”

“बरें, बरें,” अण्णा म्हणाले. मी ऐकलं, अण्णांनी ऐकलं. जुनं बेरिंग अण्णांनी घरी आणलं आणि पत्रकं उडू नयेत म्हणून त्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. छान जड होतं.

मग दसरा आला. त्या दसऱ्याची सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आम्ही पहाटेच कोरगावला आजोळी गेलो, तोरणासाठी नव्या भाताच्या लोंब्या आणायला. शेतं पिकून वाकली होती, दवाने पाय भिजले, आजीने लोंब्यांची जुडी माझ्या मांडीवर ठेवली तिचा वास गाडीभर पसरला. परतताना चाक असं निःशब्द पळत होतं की अण्णा स्वतःशी गुणगुणत होते. आणि डिचोली जवळ आल्यावर, दरवर्षीप्रमाणे, त्यांनी गाडी नदीकडे वळवली. दसऱ्याला गाडीची पूजा, आणि पूजेआधी गाडीला नदीत न्हाऊ घालायचं ही आमच्याकडची पद्धत. ट्रकवाले, टेंपोवाले, सगळे उथळ पाण्यात रांगेने उभे. अण्णांनी तासाभराच्या प्रवासाने तापलेली गाडी सरळ पाण्यात घातली. चाकं अर्धी बुडाली. खाणींनी तांबडं केलेलं पाणी हबाशी चरचरलं, आणि मी पदर खोचून त्याच चाकावर तांब्याने पाणी ओतत होते. मेस्त्रींचे शब्द मला आठवले नाहीत असं म्हणायची सोय नाही. आठवले होते. वाटलं, एक दिवसाने काय होतंय, आणि सणासुदीला अण्णांना कोण बोलणार.

दिवाळी झाली आणि चाक पुन्हा घुमायला लागलं.

त्यानंतर जे झालं ते मी कितीदा तरी मनात मांडून पाहिलंय, आणि दर वेळी माझा संताप होतो. अण्णा मला शाळेत सोडायला निघाले होते, बरोबर त्यांचे सभेतले दोन मित्र. फणसाखाली गाडी थांबवली. तिथे पाच-सहा ट्रक ड्रायव्हर चहा पीत उभे होते. अण्णांनी उतरल्या उतरल्या आवाज चढवला. नवं म्हणून जुनं घातलं, डबीसुद्धा नव्हती, तेव्हाच ओळखायला हवं होतं. एक मित्र म्हणाला, तुमचंच जुनं धुऊन परत बसवलं असणार. आमचं जुनं! ते त्या क्षणी आमच्या दुकानात मराठीच्या पत्रकांवर बसलं होतं. अण्णांनी त्याच सकाळी ते उचलून चार पत्रकं काढली होती. पण मित्राला त्यांनी अडवलं नाही.

मेस्त्री खाली बसले. त्यांनी रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, चिमटीत काहीतरी चोळलं. मग मान वर न करता विचारलं, “अण्णानु, गाडी पाण्यात घातलेली काय?”

“ना,” अण्णा म्हणाले.

त्या ‘ना’चा मी खूप विचार केला आहे. अण्णा खोटारडे नव्हते. दुकानात गिऱ्हाईकाला बोटभर कापड कमी दिलं नाही कधी. त्यांच्या लेखी त्यांनी देवाचं काम केलं होतं, मेस्त्री विचारत होता ते वेगळंच काहीतरी. पण मी असं म्हणून त्यांची कड का घ्यावी? पाणी ते पाणी. मेस्त्रींनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तिसरीच्या वह्यांचा गठ्ठा होता. मी वरच्या वहीवरचं नाव वाचत राहिले.

“भायले ते भायलेच,” अण्णा ड्रायव्हरांकडे वळून म्हणाले. “हांगा येवन पोटां भरतत आनी आमकांच नाडतत.”

भायले! जो माणूस आमच्या आजीच्या बोलीत बोलत होता तो बाहेरचा. जी भाषा आमची आई म्हणून अण्णा सभेत गळा काढत होते, ती ज्या मातीत मुलांना पाळण्यापासून ऐकवली जाते तिथला माणूस बाहेरचा. हीच ती थोर माणसं, भाषेसाठी प्राण द्यायला निघालेली! भाषा आपली आणि ती बोलणारा मात्र परका, हा हिशेब ते कुठल्या शाळेत शिकले? माझ्या शाळेत तरी नाही. आणि दुसऱ्या बाजूची मंडळी काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. भायल्यांना शिव्या देण्यापुरते दोन्ही पक्ष एका गळ्यात गाणारे. त्या पाच-सहा ड्रायव्हरांतले निम्मे सिंधुदुर्गातलेच. तेही चहाचे पेले खाली ठेवून चालते झाले, कारण सिझन सुरू होता आणि कामं इथल्या ट्रकमालकांच्या हातात होती.

एवढ्यावर अण्णांचं समाधान झालं नाही. पुढच्या सोमवारी ते देवळात गेले आणि देवापुढे नारळ ठेवला. आमच्याकडे चोरी झाली, फसवणूक झाली की देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. नाव घ्यायचं नाही, देवाला सगळं ठाऊक असतं. अण्णा हात जोडून म्हणाले, “माज्या गाडयेचा चाक जेणां बिगडायला तेका सोडू नको, देवा.” गुरवाने “व्हय म्हाराजा” म्हटलं. मी मागे उभी होते. बाजारात दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्यांना कळली, आणि नाव न घेताही कुणाचं नाव ते सगळ्यांना कळलं. ज्याच्यावरचं गाऱ्हाणं देवाकडे गेलं त्याच्याकडे गाडी कोण देणार? फणसाखाली गाड्या थांबायच्या बंद झाल्या.

पंधरा दिवसांनी अण्णांनी गाडी म्हापशाच्या एका मेकॅनिककडे नेली. मला सोबत घेतलं, कारण त्यानंतर माझ्यासाठी साडी घ्यायची होती. मेकॅनिकने हब उघडला. आतलं ग्रीस कढीसारखं पांढुरकं झालं होतं आणि त्यात तांबडा गाळ. रोलरवर गंजाचे ठिपके. अण्णा समोरच्या दुकानात सुपारी घ्यायला गेले होते. मेकॅनिकने मलाच विचारलं, “न्हंयत घाल्ली?” न्हंय म्हणजे नदी.

“हो,” मी म्हटलं. अनोळखी माणसापुढे किती पटकन निघाला तो शब्द!

“बेरिंग बरें आशिल्लें. बुशूय बरी बसयल्या. कोणें केल्लें हें काम?” त्याने विचारलं. मी नाव सांगितलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते उठतील, फणसाखाली जातील. अण्णांचा चेहरा खरंच पडला. ते पांढरेफटक झाले. मग म्हणाले, “म्हणजे तो नारळ...” त्यांना आठवला तो नारळ. ज्याने चाक बिघडवलं त्याला सोडू नको, असं त्यांनी स्वतः देवाला सांगितलं होतं, आणि चाक कुणी बिघडवलं ते आता उघड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते पाच नारळ घेऊन देवळात गेले, गाऱ्हाणं मागे घेतलं, गालावर चापट्या मारून घेतल्या. परत आले ते हलके होऊन आले. पोटभर जेवले आणि झोपले.

मेस्त्रींकडे ते गेले नाहीत. त्या दिवशी नाही, त्यानंतर नाही. मी दोनदा म्हटलं. एकदा म्हणाले, “पळोवया,” म्हणजे बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, “झालें तें झालें. देवाक सांगलां मगो.” देवाला सांगितलं! देवाचं बेरिंग गेलं होतं का? देव म्हापशाला लेथवर गेला होता, एसटीने बेळगावला गेला होता? शिगम्याच्या आधी भाटकाराने जागा मोकळी करायला सांगितली आणि गुणाजी मेस्त्री हद्दीपलीकडे निघून गेले. झावळ्या काही दिवस तशाच होत्या, मग कुणीतरी जळणाला नेल्या. पुढच्या पावसाच्या तोंडावर गोवा राज्य झालं, बाजारात पेढे वाटले. राजभाषा कोंकणी ठरली, मराठीलाही तिची जागा मिळाली, आणि अण्णांच्या उरलेल्या पत्रकांत पुढे दोन वर्षं आम्ही फुटाणे खाल्ले. जुनं बेरिंग मी उचलून माझ्या कपाटात ठेवलं. अण्णा गेले, गाडी गेली, ते अजून आहे.

अण्णांवर रागावणं सोपं आहे. ती सोय मी पुष्कळ वर्षं वापरली. पण मेस्त्रींचं गॅरेज बांद्याच्या अलीकडे रस्त्यालाच आहे हे मला वीस वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि मी त्या रस्त्याने लग्नाकार्यांना कितीदा गेले. दर वेळी पाटी दिसली की दुसरीकडे बघायचे. मुलांना मी खरं बोला म्हणून छड्या मारल्या आहेत.

यंदा चाक घुमलं तेव्हा मी गाडी इथल्या कुणाकडे दिली नाही. हळूहळू चालवत बांद्याला गेले. गॅरेज आता पक्कं आहे, काम मुलगा बघतो, तोही पन्नाशीचा. मेस्त्री खुर्चीवर बसले होते, अंगावर सुती बनियन, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी मला ओळखलं. मुलाला म्हणाले, “बायच्या चाकाक हात लावन बघ,” आणि चहा मागवला. गावाकडची चौकशी केली. अण्णा गेल्याचं ऐकून “अरेरे” म्हणाले, मनापासून.

मुलाने हब उघडला. धूळ आत गेली होती, बाकी काही नाही. मी पर्समधून ते जुनं बेरिंग काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी अंगठ्याने रिंग फिरवली, आणि त्यांच्या बोटांनी ते लगेच ओळखलं.

“मेस्त्री,” मी म्हटलं, “त्या दसऱ्याक गाडी आमी न्हंयत घातलेली. मी थंयच होतंय. पाणी मियांच ओतलेला.”

“ठावक आसा माका,” ते म्हणाले. “रिमेच्या आतल्या कडेक न्हंयची रेव होती. रेवेत झेंडवाची पाकळी चिकाटलेली.”

“मगे त्या दिसा सगळ्यांसमोर सांगूक नाय कित्याक?”

ते बेरिंग फिरवत राहिले. खरखर मलाही ऐकू येत होती.

“तुझे अण्णा नाय म्हणाले. ते मालक, मी भायलो. माझा कोण ऐकतलो?” ते म्हणाले. “मगे मी तुझ्याकडे बघलंय. म्हटलंय, बाय मास्तरीण आसा. ती बोलतली.”